आवाज अजिबात नाही

"तुमचं पायडल टकटक करतं. हे काही बरं केलं नाहीत." एवढाच मेसेज होता. घड्याळवाल्याने तो डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच वाचला, त्यामुळे 'टकटक' हा शब्द त्याला चांगला तळहाताएवढा दिसला. त्याने भिंग काढलं, चष्मा लावला, पुन्हा वाचला. शब्द लहान झाला, पण होता तिथेच होता. समोरच्या भिंतीवर दुरुस्त झालेली आणि व्हायची अशी सगळी घड्याळं आपापल्या परीने चालली होती, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या या माणसाला कुणीतरी टकटक म्हणजे काय ते शिकवत होतं! गंजलंय म्हणाली असती ती बाई, तर चाललं असतं. वाकलंय, घासलंय, चकाकी गेलीय, काहीही म्हणाली असती तरी 'असेल बुवा' म्हणून तो मोकळा झाला असता. जुनी वस्तू जुनीच असणार. पण आवाज? उभ्या आयुष्यात त्याने दुसरं केलं काय होतं? लोक घड्याळ आणून काउंटरवर ठेवायचे आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तो सांगायचा, लंगडतंय. ठोके सारखे पडले नाहीत, एक लांब आणि एक आखूड पडला, की त्याच्या भाषेत ते घड्याळ लंगडायचं. मग तो पुढचं विचारायचा, "भिंत बघितली का?" कारण निम्म्या वेळा घड्याळ ठणठणीत असतं, घरची भिंत ओळंब्यात नसते, नाहीतर खिळा तिरका असतो, नाहीतर ज्या टेबलावर ते ठेवलंय त्याचा एक पाय आखूड असतो. एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला की बिचारं सुतासारखं सरळ चालायला लागतं. त्याचं हे वाक्य गल्लीला इतकं पाठ झालं होतं की शेजारच्या चहावाल्याचा स्टोव्ह पेटला नाही तरी समोरचा शिंपी ओरडायचा, "भिंत बघितली का रे?"

पायडल त्याच्या स्वतःच्या सायकलचं. घर ते दुकान, दुकान ते घर, लग्नाच्या आधीपासून. एका सकाळी कुठे आदळणं नाही, आपटणं नाही, सायकलचा सांगाडाच जोडापाशी तुटला आणि तो रस्त्याच्या कडेला अलगद बसता झाला. वेल्डिंगवाल्याने सांगाडा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, काका, आता याला सुखाने जाऊ द्या. मुलगी म्हणाली, बाबा, सुटे भाग तर चांगले आहेत, जुन्या सायकलींच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, तिथे टाकते. तिने दोन्ही पायडलं, त्यांच्या दांड्या आणि मधलं दातेरी चाक असा संच पुसूनबिसून वर्तमानपत्रावर मांडला, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'उत्तम स्थितीत.' हा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "पुढे लिही, आवाज अजिबात नाही." ती म्हणाली, "असं कुणी लिहितं का?" तो म्हणाला, "मी लिहितो." आणि लिहून झाल्यावर ती ओळ त्याने इतक्या कौतुकाने पुन्हा वाचली की बायको आतून म्हणाली, लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं.

घ्यायला आल्या त्या पीटीच्या बाई. म्हणजे शाळेत आयुष्यभर पोरांना कवायत शिकवलेल्या, आता निवृत्त. साठी उलटलेली, केस आखूड कापलेले, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अजून शिट्टी अडकवलेली. दुकानात शिरल्या त्या अशा की घड्याळवाला नकळत उठून उभा राहिला. "बसा बसा," त्या म्हणाल्या, तरी तो जरा वेळ उभाच होता. त्या सायकल स्वतः जोडणार होत्या. सांगाडा एकाकडून, चाकं दुसऱ्याकडून, सीट तिसऱ्याकडून, आणि शेवटच्या दोघांशी त्यांचं कशावरून तरी वाजलेलं होतं. चाकवाल्याशी आऱ्यांवरून, सीटवाल्याशी शिवणीवरून. "दोघांनीही कबूल केलं शेवटी," त्या समाधानाने म्हणाल्या. तेव्हा त्याला हसू आलं होतं. दांडी फिरवून, कानाशी धरून त्याने दाखवली होती, हे बघा, चिडीचूप. त्या म्हणाल्या होत्या, वा.

आणि आता हे. त्याने मेसेजला उत्तर लिहायला घेतलं, चार वेळा खोडलं आणि सरळ फोन लावला.

"बाई, ते पायडल मी इतकी वर्षं मारलंय."

"म्हणून तर सवय झाली असेल तुम्हाला."

"अहो, आवाज नव्हताच त्याला."

"नव्हता, की तुम्हाला ऐकू येत नव्हता?"

त्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "परत आणून द्या," तो म्हणाला, "मी घेतो परत."

"परत कोण देतंय? चांगलं आहे पायडल. मला फक्त तुमची कबुली हवी. लिहिलंत ना, आवाज अजिबात नाही? आता म्हणा, आहे. एका वाक्याचं काम. चाकवाल्याने तर चहा पण पाजला."

खरंच एका वाक्याचं काम होतं. 'असेल हो बाई' एवढं म्हटलं की विषय संपला असता. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत तो म्हणालाही असता. भांडणात हरण्याचं त्याला कधी वावडं नव्हतं, घरात तर त्याला चांगला सराव होता. पण जीभ उचलेना. तो म्हणाला, "रविवारी येऊन बघतो," आणि फोन ठेवल्यावर समोरच्या भिंतीकडे बघत बसला. गेल्या महिन्यात त्याला ताप आला होता. मुलीने नवीन थर्मामीटर आणलं, सेलवर चालणारं, ते त्याच्या जिभेखाली ठेवलं आणि ती आत गेली. झाल्यावर वाजेल, म्हणाली. तो शहाण्या मुलासारखा तोंड मिटून बसला. बसला, बसला. समोर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग म्हणाली, अहो, ते मघाशीच वाजलं की. मुलगी धावत आली. "बाबा, कधीचं वाजून गेलंय! तुम्ही काय नाश्ता केलात का त्याचा?" मायलेकी हसून हसून बेजार झाल्या, तोही हसला, थर्मामीटर तोंडात धरूनच हसला. मुलीने ते पुन्हा वाजवून दाखवलं. तिने वाजवलं असं तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. "कान दाखवून येऊ या," ती म्हणाली. "माझे कान?" तो म्हणाला. "अगं, मी लोकांची घड्याळं..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

तेव्हापासून त्याच्या मागे एक भलतंच लचांड लागलं होतं. दुकानात बसलं की आपल्याला टिकटिक ऐकू येते आहे की नुसती आठवते आहे, हेच त्याला कळेनासं व्हायचं. इतक्या वर्षांनी माणसाला न ऐकताही ऐकू येत असेल. घरातल्या माणसाचं बोलणं आपण कुठे ऐकतो, ते काय म्हणणार ते माहीत असतं म्हणून हो हो करतो, तसंच हे असेल तर? एकदा त्याने चहावाल्याला बोलावून सांगितलं, मी पाठ करून बसतो, तू यातलं एखादं घड्याळ बंद कर, कुठलं ते मी सांगतो. चहावाल्याला हा खेळ फार आवडला. घड्याळवाल्याने डोळे मिटले, कान टवकारले, बराच वेळ लावला आणि सांगितलं, कोपऱ्यातलं, काळ्या लाकडाचं. चहावाला टाळी देत म्हणाला, "फसलात! मी एकही बंद केलं नव्हतं!" आणि खो खो हसत निघून गेला. आता याला पास म्हणायचं की नापास? तो दिवसभर त्याचाच हिशेब करत बसला. मालकांची आठवण व्हायला लागली ती तेव्हाच. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते म्हातारे मालक. त्यांनीच त्याला ऐकायला शिकवलं होतं; बघू नको, डोळे लबाड असतात, कान लाव, म्हणायचे. पुढे पुढे ते गिऱ्हाइकाशी जास्त बोलेनात, घड्याळ घेऊन मागच्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. एकदा तो तेलाची बाटली आणायला म्हणून आत गेला तर मालक घड्याळावर ओणवे झालेले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक घड्याळाच्या पाठीला टेकवलेलं आणि मूठ दातांत घट्ट धरलेली. दातांतून, जबड्याच्या हाडातून ठोके ऐकत होते. कान केव्हाच गेले होते, कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मालकांनी त्याला पाहिलं नाही. तो पावलं न वाजवता मागे फिरला, आणि फिरल्यावर लक्षात आलं, पावलं वाजवली असती तरी चाललं असतं. त्या वेळी त्याला फार वाईट वाटलं होतं. आता वाटत होतं ते वाईटाच्याही पलीकडचं, कारण आता मूठ कुणाच्या दातांत जायची होती हे उघड होतं. आवाज आहे असं म्हणणं म्हणजे पायडलात खोट आहे असं म्हणणं नव्हतं. खोट आपल्यात आहे, दुकानाला कुलूप लावायची वेळ आली आहे, असं म्हणणं होतं. आणि हे सगळं त्या शिट्टीवाल्या बाईला एका वाक्यात हवं होतं!

रविवारी तो गेला. जुनी चार मजली इमारत, पुढे फरशीचं मोकळं अंगण, फाटकाशी वॉचमनची खुर्ची. बाई सायकल धरून उभ्याच होत्या, आणि सायकल, खरं सांगायचं तर, देखणी जोडली होती. हिरवा सांगाडा, चाकं लख्ख, सीट बेताच्या उंचीवर, अगदी खाली. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत, ती शिस्त, असं बाईंनी न विचारता सांगितलं. आधी त्याने चालवली. अंगणाला फेरी मारली, उलटी फेरी मारली, पायडलावर उभा राहून मारली. काही नाही. चेनची बारीक सळसळ तेवढी. "चिडीचूप," तो म्हणाला, आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. "उतरा," बाई म्हणाल्या. "आता मी चालवते. ऐका." त्या निघाल्या आणि तो शेजारून धावू लागला, कमरेत वाकून, कान पायडलाच्या उंचीला, एक हात हवेत. अगदी वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडून बघत होतं. चेन, टायर, त्याचा स्वतःचा श्वास, बाकी काही नाही. "आला?" बाई ओरडल्या. "नाही!" "आता?" "नाही हो!" तेवढ्यात सायकल फाटकावरून वळली आणि वॉचमन खुर्चीतून म्हणाला, "येतोय की. टक करतंय काहीतरी." धोंडा होता तिथे परत येऊन बसला. त्याने वॉचमनकडे असं पाहिलं की त्या गरिबाने टोपी सारखी केली.

मग पुढचा आठवडाभर सायकल त्याच्या दुकानात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ती उलटी करायचा. सगळा संच उतरवला, बेअरिंगचे छर्रे काढून रॉकेलमध्ये धुतले, घड्याळाच्या चिमट्याने एकेक उचलून भिंगाखाली पाहिला. एकावरही ओरखडा नव्हता. नवीन ग्रीस भरलं, घट्ट केलं, ढिलं केलं, पुन्हा घट्ट केलं. स्वतः चालवून बघितली, शिंप्याला चालवायला लावली, चहावाल्याने तर किटलीसकट दोन गल्ल्या फिरवून आणली. "आवाज?" "कसला?" या सगळ्यांनी मिळून त्याला जरा धीर दिला, पण वॉचमनचा तो टोपी सारखी करणारा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. त्याला का खोटं बोलावंसं वाटेल? त्याला ना पायडल विकायचं ना घ्यायचं. शनिवारी सायकल बाईंकडे पोहोचवली आणि घरी पोहोचेपर्यंत मेसेज हजर. "अजून करतं." घरी बायको म्हणाली, "अहो, म्हणून टाका ना, आहे आवाज. ती बाई खूश, तुम्ही मोकळे." त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हातातलं काम ठेवून जवळ येऊन बसली. तिला सगळं कळलं आहे हे त्याला कळलं, आणि दोघांनी मिळून टीव्ही बघितला, त्याच्या मानाने जरा मोठ्या आवाजात, तिच्या मानाने फारच.

पुढच्या रविवारी तो निघाला तेव्हा सदऱ्याच्या खिशात लांब स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा, मालकांचा. हा शेवटचा उपाय. बाई सायकल देऊन छत्री आणायला की काय आत गेल्या, वॉचमन फाटकाबाहेर होता, अंगणात कुणी नाही. त्याने सायकल स्टँडवर लावली, खाली गुडघे टेकले, एका हाताने पायडल फिरवायला घेतलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक मधल्या चाकाच्या आसापाशी टेकवलं आणि मूठ दातांत धरली. मुठीला जुन्या वार्निशची कडू चव होती. हाडातून एक घरघर आली, गोल, अखंड, मऊ. छर्रे ग्रीसमध्ये सुखाने लोळत होते. टकटक तर सोडाच, साधी कुरबुर नव्हती. मालकांना असंच ऐकू येत असेल, त्याच्या मनात आलं, इतकं जवळून, इतकं खासगी. काही इतकं वाईट नव्हतं ते.

"अगं बाई! हे काय, खाताय की काय सायकल?"

बाई मागे उभ्या होत्या. तो दचकून उठला, मूठ दातांतच राहिली, आणि "नाही" म्हणायच्या नादात ती काढायचंही सुचलं नाही. काढली तेव्हा ओठाला ग्रीस लागलं होतं. बाईंनी रुमाल दिला. ओठ पुसता पुसता त्याच्यातला सगळा जोर ओसरला. पुरे झालं. असेल आवाज. वॉचमनला येतो, बाईंना येतो, आपल्याला येत नाही. आता भर अंगणात दातांनी सायकल ऐकण्यापर्यंत मजल गेली. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं असेल." पण त्या इतक्यावर थोड्याच ऐकणार! "असेल नको. आहे म्हणा. पण आधी वर चला, ताईला तुम्हाला बघायचंय. माझी मोठी बहीण. केव्हापासून म्हणतेय, त्या पायडलवाल्यांना घेऊन ये." लिफ्टकडे तो वळलाच होता, तर त्या म्हणाल्या, "लिफ्ट म्हाताऱ्यांसाठी," आणि जिन्याने निघालेसुद्धा त्यांचे पांढरे बूट. तो मागोमाग. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांची सगळी गोष्ट सांगून झाली: शाळा, मैदान, माझ्या हाताखालून किती पोरं पळून गेली, आजवर एक गोळी घेतलेली नाही, अंगात एक खोट नाही. दुसऱ्यापर्यंत सीटवाल्याची गोष्ट अर्धी झाली. मग गोष्ट थांबली. दम लागला होता, पण तो दाखवायचा नव्हता, म्हणून त्या नुसत्याच चढत राहिल्या, पाठ ताठ. जिना गार आणि रिकामा. तोही काही ऐकत नव्हता. आता ऐकायचं काय उरलं होतं? कबुली कुठल्या शब्दांत द्यायची तेवढं जुळवत होता. दुकान कुणाला द्यावं, मुलीला कसं सांगावं. टक. दोन पायऱ्या. टक. वर कुणाकडे तरी भिंतीवरचं घड्याळ असेल. लंगडतंय बिचारं, त्याने सवयीने मनात म्हटलं; एकाच बाजूचा ठोका पडतोय, दुसऱ्या बाजूचा पत्ताच नाही. टक. बाई वळणाशी क्षणभर थांबल्या. घड्याळही थांबलं. बाई चढू लागल्या. टक. उजवा पाय वर, टक. डावा पाय, काही नाही. उजवा, टक.

तो कठड्याला धरून उभाच राहिला. गुडघा! अहो, गुडघा! लोखंडात शोधतोय आपण, छर्रे धुतोय, वेड्यासारखे दातांत लाकूड धरून आसाशी झटतोय, आणि हे सगळं करताना कानाला सांगून ठेवलंय की लोखंडाचा तेवढा आवाज ऐक. जन्मभर दुनियेला भिंत बघायला सांगितली आणि स्वतः? भिंत सायकलवर बसून समोरून फेऱ्या मारत होती! त्याला हसू फुटलं. ते दाबलं तर नाकातून फुटलं. आणि हसण्याच्याही खालून दुसरंच काहीतरी उसळून वर येत होतं: मला ऐकू आलं. मजलाभर अंतरावरून नव्हे, पण चांगल्या पाच-सात पायऱ्यांवरून, न ठरवता, न आठवता, दुसऱ्याच विचारात असताना ऐकू आलं, आणि ते लंगडतंय हेसुद्धा कळलं! त्याला त्या गार जिन्यात मोठ्याने ओरडावंसं वाटलं. बाईंना मिठी मारावीशी वाटली, पण ते काही खरं नव्हतं. "काय झालं हो?" वरून बाई म्हणाल्या. "दम लागला का?" "हो," तो म्हणाला, आणि डोळे पुसले.

ताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी काठी, पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यांवर शाल. चेहरा बाईंचाच, पण निवांत. "या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच का ते, सायकलच्या बाजूने वाकून धावणारे? मी वरून बघत होते. फार दिवसांनी एवढी हसले." बाई चहा टाकायला आत गेल्या. घड्याळवाल्याच्या जिभेवर ते वाक्य अगदी तयार होतं. किती छान वाक्य होतं! 'बाई, पायडल नाही, गुडघा.' इतक्या दिवसांचं सगळं एका झटक्यात फिटलं असतं; जाहिरातीतली ओळ पुन्हा खरी झाली असती. आणि नेमकं त्याच वेळी त्याची नजर शालीखालच्या त्या दोन पायांवर गेली.

ताईंनी ते पाहिलं. त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "जिन्यात ऐकलंत ना?"

त्याने मान हलवली.

"मला रोज ऐकू येतं. ती तिसऱ्या मजल्याशी आली की मला कळतं, चहाचं आधण ठेवायला हरकत नाही. तिला मात्र घरात कधी ऐकू आलं नाही, सायकलवर बसली तेव्हा आलं, नि ते सायकलचंच वाटलं. बरं वाटलं मला." त्या हसल्या. "माझंही असंच टक करायचं. मी घाबरले, बसून राहिले, आणि बसलेच. पाय हलते ठेवायचे होते, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. तिला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी खुर्ची टाकेल. दिसते तशी धीट नाही हो ती."

"दुखतं का त्यांना?" तोही हळूच म्हणाला. आणि ताई हळू बोलतायत, मी हळू बोलतोय, आणि सगळं नीट ऐकू येतंय, हे त्याच्या लक्षात आलं.

"दुखलं असतं तर सगळ्या इमारतीला कळलं असतं."

आत कपबशांचा आवाज झाला. तो खिडकीतून खाली अंगणात उभ्या असलेल्या हिरव्या सायकलकडे बघत बसला. सीट अगदी खाली. आणि आपल्या दांड्या, अरेच्चा, आपल्या दांड्या तर लांब! जुन्या घडणीच्या, हल्लीच्यापेक्षा चांगल्या बोटभर लांब. आपल्या सायकलला सीट उंच होती, आपल्याला कधी जाणवलं नाही. इतक्या खाली सीट ठेवून या दांड्या फिरवायच्या म्हणजे बाईंचा गुडघा प्रत्येक फेरीला छातीशी येणार. करेल नाहीतर काय, टक! हे जाहिरातीत लिहायला हवं होतं. आवाजाची फुशारकी लिहिली आणि लांबी लिहिली नाही. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्याने कप घेतला आणि म्हणाला, "बाई, आवाज आहे. मला आला. चूक माझी आहे, आणि ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने जाईल इतकी लहान आहे."

खाली येऊन त्याने पाना लावला आणि सीट वर घेतली. बाई "माझे पाय पूर्ण टेकणार नाहीत" म्हणून कुरकुरल्या. तो म्हणाला, चवडे टेकतील, या दांड्यांना अशीच लागते, मी आधी सांगायला हवं होतं. त्या बसल्या, जरा डगमगल्या, निघाल्या. एक फेरी. दुसरी. तो यावेळी धावला नाही, अंगणाच्या मधोमध हात मागे बांधून उभा राहिला, आणि पायडलाकडे न बघता बाईंकडे बघत ऐकत राहिला. चेनची सळसळ. टायरांचा फरशीवरचा आवाज. वरच्या खिडकीतून ताईंनी काठी हलवली. वॉचमन म्हणाला, "गेला." बाईंनी त्याच्यापाशी येऊन ब्रेक लावला, चेहरा नुसता फुललेला. "बघा! मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की नाही? दोष तुमच्याकडेच होता!"

"होता," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"होता!"

"ताईला वर ऐकू जायला पाहिजे. मोठ्याने!"

घड्याळवाल्याने छाती भरून श्वास घेतला आणि सगळी इमारत खिडक्यांशी यावी अशा आवाजात ओरडला, "दोष माझ्याकडेच होता!" बाईंनी जुडग्यातली शिट्टी उचलून एक खणखणीत फुंकर मारली आणि तिसऱ्या फेरीला निघून गेल्या. शिट्टीने दोन्ही कान बराच वेळ घुमत राहिले, आणि तो ते घुमणं ऐकत ऐकत, फुशारकीने, पायीच घरी आला.

दार मुलीने उघडलं. "झाली का कबुली?" बायको आतून म्हणाली.

"झाली. सगळ्यांसमोर. ओरडून."

"म्हणजे आवाज होता?"

"होता."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. ते बघणं त्याला फार लागायचं, आज लागलं नाही. तो खुर्चीत बसला, बूट काढले, खिशातला मालकांचा स्क्रू ड्रायव्हर काढून त्याची मूठ सदऱ्याच्या टोकाने पुसली. "ते कानाच्या डॉक्टरांचं म्हणत होतीस ना," तो म्हणाला, "घे वेळ."

"बाबा! खरंच ऐकू येत नाहीये का?"

"येतंय गं. थर्मामीटरचं सोडलं तर चांगलं येतंय. जिन्यातलंसुद्धा येतंय." त्याने पाय पुढे पसरले आणि दोन्ही गुडघे एकदा वाकवून, ऐकून बघितले. "पण एकदा भिंत बघून घेतलेली बरी."